एकाच मापाचे दोन फोटो

१६ ऑगस्ट ९९
घर बदलायचं ठरून महिना झाला. बांधाबांध माझ्या एकटीच्या गळ्यात. ह्यांची बदली जूनमध्येच श्रीरामपूरच्या शाळेत झाली, सोनईहून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन करतात. तिकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळालंय. हे जाऊन पाहून आले आणि "बरं आहे" म्हणाले. झालं ह्यांचं काम. भांडी, गाद्या, माळा, सासूबाईंचे पितळी डबे, सगळं मी बघायचं. त्यातला एकही डबा टाकू देत नाहीत. "मी मेल्याव टाका." बरं.
सोम-बुध-शुक्र ह्यांच्याच एस.टी.नं श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लासला जाते. नव्या घरात पत्रिका-बित्रिका छापायचं काम घेता येईल म्हणून परवानगी मिळाली. हौस म्हणून मागितली असती तर मिळाली नसती. क्लासमधली पोरं मला काकू म्हणतात. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तेही काकूच म्हणतात.

१८ ऑगस्ट
सरांनी प्रोजेक्ट दिलं: घरच्या फोटोंचं स्क्रॅपबुक. कागदाचं नाही, पडद्यावरचं. फोटो स्कॅन करायचे, कडेला चौकटी काढायच्या, खाली दोन ओळी लिहायच्या, पान दाबलं की पुढचं पान उघडायचं. मी आयुष्यभर कात्रणं चिकटवली, रांगोळ्यांची नि लोणच्यांची. हे त्यातलंच, फक्त खळ लागत नाही.
नोटपॅडमध्ये सगळं हातानं लिहायचं. एक अवतरणचिन्ह राहिलं तर पान कोरं. सर म्हणाले, "काकू, कॉम्प्युटर गाढव असतो, सांगाल तेवढंच करतो." मनात म्हटलं, आमच्याकडे तेवढंही कुणी करत नाही.

२४ ऑगस्ट
माळ्यावरून फोटोंची ट्रंक काढली. वैशाली आपणहून शेजारी येऊन बसली! ह्यांच्या पहिल्या बायकोची, सुमनची मुलगी, आता नववीत. सुमन गेली तेव्हा पाच वर्षांची होती. वर्षभरानं मी आले. मला मावशी म्हणते. भांडत नाही, उलटून बोलत नाही, पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते. स्वतःचं मूल झालं नाही, त्यामुळे माझं काय ते हीच. पण हे तिला कोण सांगणार.
आज मात्र दोन तास हलली नाही. हा कोण, ती कोण, ही कोणाची जत्रा, सगळं तिला पाठ. मी लिहून घेत गेले. सुमनचे फोटो आले तेव्हा म्हणाली, "आईच्या फोटोखाली मी लिहिनार. तू नको."
म्हटलं, तूच लिही.
"नव्या घरात कॉम्प्युटर आला की मलापन शिकवशील?"
शिकवीन म्हटलं. दारामागे जाऊन डोळे पुसले, उगाच. सासूबाई ओरडल्या, "ट्रंक उघडी टाकून कुटं गेली?"

३० ऑगस्ट
अकरा पानं झाली. वै. नं आईच्या फोटोखाली लिहिलेलं: "आई. हिला कैरी आवडायची. मला एवढंच आठवतं." जसंच्या तसं टाइप केलं. कडेनं फुलांची चौकट केली होती, ती काढून टाकली.

१ सप्टेंबर
आज स्क्रिप्ट. फोटोवर माउस नेला की त्या जागी दुसरा फोटो यावा, माउस बाजूला काढला की पहिला परत यावा. मुलांनी फुलपाखराचं फूल केलं, वाघाची मांजर केली. सर म्हणाले, दोन फोटो अगदी एकाच मापाचे हवेत, नाहीतर धडपडल्यासारखं दिसतं.
माझ्याकडे स्कॅन केलेल्यातले एकाच मापाचे फोटो दोनच. ह्यांच्या दोन्ही लग्नांचे. स्टुडिओ एकच, मागे तोच रंगवलेला धबधबा, तीच खुर्ची. कोटसुद्धा तोच, स्टुडिओतला. नवरी बसलेली, हे मागे उभे, हात खुर्चीच्या पाठीवर. पहिल्यात सुमन बसलीय, दुसऱ्यात मी.
लावून पाहिलं. एक तसूही हललं नाही. सर खूश, "परफेक्ट काकू!" मीही खूश. तीन आठवडे हे गाढव माझं ऐकत नव्हतं, आज ऐकलं. डोक्यात एवढंच होतं. बाकी काही नव्हतं. नव्हतंच.

४ सप्टेंबर
वै. ला स्क्रॅपबुक दाखवायचं होतं. सकाळची शाळा सुटल्यावर दोघी एस.टी.नं गेलो. वाटेत शेंगा खाल्ल्या. कधी नाही ते खिडकीची जागा मला दिली.
शनिवारीही सरावाला क्लास उघडा असतो, पोरं जमली. सर पुढे झाले, "थांब, तुझ्या मम्मीनं काय केलंय बघ," म्हणून त्यांनीच ते परवाचं पान उघडलं. मी "ते नको" म्हणेपर्यंत माउस नेलासुद्धा. सरांना काय माहीत.
सुमन गेली, मी आले.
मागून एक पोरगं हसलं, "काका तेच, काकू बदलली!" सगळे हसले. सर माउस नेतायत, काढतायत, नेतायत.
वै. बाहेर निघून गेली. कैरीचं पान उघडलंच नाही.
परतताना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटी बसली. मी मागे.

५ सप्टेंबर
तिनं आजीला सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे. सासूबाई पोळ्या लाटतानाच सुरू झाल्या, "आगं, मेलेल्या मानसाला तरी सुकानं बसू द्यावं खुर्चीवर. तितं बी जाऊन बसली?"
हे पेपर वाचत होते. म्हटलं, तुम्ही सांगा वै. ला, शिकण्यापुरतं केलं होतं.
"सांगतो," म्हणाले. पेपरातून मान वर नाही.
म्हणजे सांगणार नाहीत.

६ सप्टेंबर
क्लासला गेले. ते पान उघडून बसले बराच वेळ. माउस नेला की मी येते, काढला की मी जाते. आणि ती परत येते, तिच्या जागी, मागे कायमची. सुमन गेली हे सगळ्यांना दिसलं. माउस आहे तोवरच मी, हे एकालाही दिसलं नाही. आठ वर्षं ह्या घरात असंच चाललंय. कुणी हात ठेवला तर मी.
सरांनी विचारलं, "काकू, काही अडलंय का?" नाही म्हटलं.

२३ सप्टेंबर
गौरी-गणपतीत वै. तोंडापुरतं बोलली. "मीठ दे." "दार लाव." आज तिचा मामा शेवगावहून आला. ती दारात पिशवी भरून तयार. म्हणजे आधीच ठरलं होतं, मला सोडून सगळ्यांना माहीत.
मामा तसा भला माणूस, बोलायला अवघडला. "ताई, पोरगी म्हंती तिकडंच ऱ्हाते. शाळा बी हाय तितं. आता घर बदलायच्या गडबडीत तुमाला बी..."
मला बी काय?
ह्यांनी विचारलं, "किती दिवस?" पाहुणी जावी तसं.
"बगू. दसऱ्यापत्तुर तरी. मग तिच्या मनाव."
म्हणजे कदाचित दहावीसुद्धा तिकडेच. कदाचित लग्नसुद्धा तिकडूनच. आणि आम्ही दोन खोल्या घेतोय, त्यातली एक कोणासाठी?

२७ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. घरमालक म्हणतो खोली लवकर सोडा, सासूबाई म्हणतात पक्षात चूलसुद्धा हलवायची नाही. दोघांच्या मध्ये मी. भांडी पोत्यात आहेत, लागली की काढायची, घासायची, पुन्हा पोत्यात.

३ ऑक्टोबर
अविधवा नवमी. सुमनच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. लग्न झाल्यापासून हा स्वयंपाक माझाच असतो. खीर, वडे, भाज्या. तिला कारलं आवडायचं नाही म्हणून आम्ही आज कारलं करत नाही. तिच्या आवडीनिवडी तिच्या मुलीपेक्षा मला जास्त माहीत.
दरवर्षी वै. पानात फुलं ठेवायला असते. ह्या वर्षी मी ठेवली.
सासूबाई जेवल्यावर हळूच म्हणाल्या, "खीर चांगली झाल्ती." मेलेल्यांच्या दिवशी तरी जिवंतांचं कौतुक झालं.

१९ ऑक्टोबर
दसऱ्याला हललो. टेम्पो सकाळी आला. सासूबाई पुढे, मांडीवर देवघर. हे हमालांना सूचना देण्यात पुढे, उचलण्यात मागे. आणि पितळी डबे सगळे आले, एकही कमी नाही.
नवं घर उजेडाचं आहे. खरं म्हणजे चांगलं आहे. नळाला पाणी. सोनं वाटायला शेजारची माणसं आली, एका बाईनं विचारलं, "मुलंबाळं?" सासूबाई पटकन म्हणाल्या, "नात हाय. येनार हाय." तेवढ्यापुरता माझा म्हातारीवरचा राग गेला.
छोट्या खोलीत वै. ची गादी टाकली. वर तिची चादर. नाही आली.

२५ ऑक्टोबर
आता क्लास चालत दहा मिनिटांवर. आज हे शाळेतून परस्पर तिथं आले, फीची पावती करायला. सर म्हणाले, "बसा साहेब, काकूंचं काम बघा." पुन्हा तेच पान. सरांना तेवढंच आवडतं.
ह्यांनी स्वतः माउस धरला. सुमन, मी, सुमन, मी. वाटलं, आता काहीतरी बोलतील. आठ वर्षांत एकदा तरी बोलतील. त्या दोन बायकांबद्दल, त्या पोरीबद्दल.
हे म्हणाले, "केस किती दाट होते बघ माझे."
हे गेल्यावर ते पान काढून टाकलं. सर हळहळले.

३१ ऑक्टोबर
मामा आणि वै. आले. तिची पुस्तकं आणि हिवाळ्याचे कपडे न्यायला. मामाचा निरोप आधी शेजाऱ्यांच्या फोनवर आलेला. कपडे मी सकाळीच घडी करून ठेवले होते. जिवावर येत होतं पण ठेवले.
हे बाहेर मामाशी कांद्याच्या भावावर. सासूबाई नातीला कुरवाळून, रडून, शेवटी झोपल्या. छोट्या खोलीत आम्ही दोघीच. ती पुस्तकं लावत होती.
म्हटलं, "वैशू, ते पान मी काढून टाकलं."
"का काढलं?"
"तुला लागलं म्हणून. पण एक ऐक. माउस काढला की मी जात होते गं. आईच परत येत होती. तू थांबली असतीस तर..."
"पाहिलं मी," ती म्हणाली. "दारातनं वळून पाहिलं व्हतं."
म्हटलं, "मग?"
ती पुस्तकाचा कोपरा सरळ करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई जाती, तू येती. तू जाती, आई येती. बाबा तेवढे हलत न्हाईत."
बाहेर हे मोठ्यानं हसत होते. कांदा चढलाय म्हणे.
मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं ठेवू दिला, थोडा वेळ. मग "मामा थांबलाय" म्हणून उठली. चार घास खाऊन जा म्हटलं, तर बस चुकेल म्हणाली.
पुस्तकं गेली, स्वेटर गेला. मामानं गादीची वळकटी करायला घेतली, "टपाव टाकू हिला."
ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे."
मामानं विचारलं, का गं? तिनं चपला घातल्या. मी विचारलं नाही.