पाच नंबरचं काय करायचं, अनिकेत?

प्रिय अनिकेत,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. एका घरात राहणारी माणसं कशाला लिहितात एकमेकांना? पण हिवाळ्यात तू गेलास, आणि काल मी हॉकी क्लबच्या मीटिंगमध्ये तुझ्याबद्दलचा एक निर्णय देऊन आले. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाहीये. निदान तुला तरी सांगायला हवं ना?

झालं असं. क्लबची अध्यक्ष ओर्ला मागच्या आठवड्यात घरी आली. चहाचा कप बाजूला सारून म्हणाली, "मुग्धा, आम्हाला अनिकेतचा पाच नंबर रिटायर करायचाय." म्हणजे तुझी जर्सी क्लबहाऊसच्या भिंतीवर लावायची आणि यापुढे तो नंबर कुणालाच द्यायचा नाही! इकडे असलं कुणी करत नाही. पण ओर्ला काही वर्षं कॅनडात होती, तिथे आइस हॉकीतल्या मोठ्या खेळाडूंसाठी करतात म्हणे.

मला हसूही आलं आणि रडूही. तुझा खेळ आठवला. समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला की तू सगळ्यांच्या आधी गोलमधून धावत सुटायचास, थेट फटक्याच्या तोंडावर. इथे मेनूथ गावात माझी ओळखच तुझ्यामुळे. दुकानात लोक मला "मिसेस फाइव्ह" म्हणायचे!

खडकीला आईंना फोन केला. "नंबर रिटायर? म्हणजे पेन्शनीत काढणार?" नीट समजावल्यावर म्हणाल्या, "होऊ दे गं. परक्या देशात माझ्या पोराचं नाव भिंतीवर राहील. मला आणखी काय हवंय?"

तेव्हा मी मनात हो म्हणूनच मीटिंगला गेले होते. आणि तिथे डेक्लन उभा राहिला. तुझा डेक्लन! इतकी वर्षं बचावात तुझ्या शेजारी खेळलेला, तुझ्या शवपेटीला खांदा दिलेला. म्हणाला, "माझा विरोध आहे."

"त्याच्यासारखा डिफेंडर या क्लबनं पाहिलेला नाही," तो म्हणाला. "पण आपण खालच्या डिव्हिजनला घसरलो, त्याच उन्हाळ्यात तो बॉल्सब्रिजकडच्या मोठ्या क्लबात गेला. मग पाच नंबर कॅहलनं घातला. दोन सीझन आपण नुसता मार खाल्ला, पण कॅहलनं एकही मॅच चुकवली नाही. अनिकेत परत आला तेव्हा कॅहलनं जर्सी काढून त्याच्या हातात दिली. आता भिंतीवर नक्की कुणाची जर्सी लावताय?"

अनिकेत, मला हे माहीतच नव्हतं! क्लब बदललास ते माहीत होतं. पण परत गेलास त्या दिवशी घरी येऊन काय म्हणालास? "माझा नंबर तसाच ठेवला होता त्यांनी." किती खूश होतास! मी श्रीखंड केलं होतं. का बोललास तसं? लाज वाटली? की कॅहलनंच तुला तसं सांगितलं होतं? आता कुणाला विचारू मी?

कॅहल मागच्या रांगेत बसला होता. शाळेत भूगोल शिकवतो तो, आता पोट सुटलंय. ओर्लानं त्याला विचारलं, तर म्हणाला, "ग्रँड, काही हरकत नाही. मला ती जर्सी तशीही घट्टच व्हायची." सगळे हसले. आणि मतदानात त्यानं हात वर केला तो नंबर बंद करण्याच्या बाजूनं! ज्याची जर्सी गेली तो म्हणतो मान द्या, आणि तुझा जिवलग म्हणतो नको. मी काय समजायचं?

दोन्हीकडचे हात सारखेच निघाले. ओर्ला माझ्याकडे वळली. "तू म्हणशील तसं."

मी उभी राहिले. 'करा' म्हणायचं होतं. पण समोर कॅहल दिसत होता, आणि तोंडातून निघालं, "नका बंद करू. घालू दे कुणीतरी."

बाहेर गाडीपाशी कॅहलनं मला गाठलं. मला वाटलं, आभार मानेल. म्हणाला, "माझ्यासाठी हे करायला नको होतंस. तो चांगला खेळायचा, मी नाही. एवढंच होतं ते." डेक्लन मात्र गाडीच्या टपावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

आज सकाळी आईंना सांगितलं. "मी हो म्हटलं होतं ना? मग मला विचारलंस कशाला?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचं काय चुकलं? खेळाचं म्हणशील तर तुझ्यासारखा तूच. पण नंबर बंद करायला नुसता खेळ पुरतो का? आणि पुढे जाण्यासाठी आपलं माणूस, आपली जागा सोडून जाणं, हा काय गुन्हा आहे? आपण दोघं तरी दुसरं काय करून इथे आलो? मग तुला एकट्यालाच वेगळा नियम मी का लावला? विचार करते आणि दर वेळी वेगळंच उत्तर येतं. तू असतास तर नुसते खांदे उडवून मोज्यांची जोडी शोधत बसला असतास!

शनिवारी सीझनची पहिली मॅच आहे. स्लायगोहून आलेला कुणी नवा खेळाडू पाच नंबर घालणार आहे. दुपारी आईंचा मेसेज आला. दोनच शब्द: "मला दाखव."

मी दाखवणार आहे. टर्फच्या कडेला उभी राहून व्हिडिओ कॉल लावीन आणि फोन वर धरीन. आई रडतील, मला बोल लावतील, कदाचित त्या पोराला शिव्याही घालतील. काहीही झालं तरी मी फोन बंद करणार नाही, हा माझा शब्द.

तुझ्यावर थोडी रागावलेली, तरी तुझीच,
मुग्धा