तुमच्या मंडपाखालचा कोरडा पर्जन्यमापक

प्रिय सर,

काल तुमच्या गौरवाचा परिसंवाद झाला आणि आज सकाळपासून मी कॉलेजात कुणाच्या नजरेला नजर देत नाहीये. तुम्ही असतात तर दारात उभं राहून एवढंच विचारलं असतंत, "मंदा, काय लपवतेयस?" आता विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून आपणहून सांगते. मला लाज वाटतेय, सर.

काल दुपारी आपल्या वेधशाळेवर परतीचा पाऊस पडला आणि आपण तो मोजला नाही.

तुम्ही वेधशाळा सुरू केल्यापासून असं कधी झालं होतं का? लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा व्याही चहासाठी खोळंबले होते आणि तुम्ही साडेआठच्या नोंदीसाठी कुंपणाच्या आत, मोजपात्र डोळ्यांसमोर धरून उभे! दुष्काळाच्या वर्षी तर रोज जाऊन शून्य लिहायचात. मी हसून म्हणाले होते, "आभाळात ढगाचा ठिपका नाही सर, बघायचं काय त्यात?" तुम्ही म्हणालात, "शून्यसुद्धा बघूनच लिहायचं." त्या दिवशी मला ते वेड वाटलं होतं.

कालचं सगळं माझ्या हौसेनं झालं. सभागृह मोकळं होतं, पण मीच हट्ट धरला की सरांचा कार्यक्रम वेधशाळेच्या शेजारीच व्हायला हवा. पावसाचा अंदाजही माझाच होता. म्हणून केडगावच्या मंडपवाल्याला पाणी न गळणारं कापड आणायला बजावलं. आदल्या दिवशी तो कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, ह्या तारंच्या आतनं दोन बांबू घेऊ का? कापड तिकडं ताणलं की पानी पलीकडं जाईल, पावनं भिजायचे न्हाईत." मी फोनवर होते. पाहुण्यांना शिंगणापूरला दर्शनाला न्यायच्या गाडीचं चाललं होतं. हातानंच खूण केली, घ्या घ्या.

तुम्ही म्हणायचात ना, नगरला आलेला प्रत्येक शास्त्रज्ञ आधी शिंगणापूर बघतो आणि वेळ उरला तर वेधशाळा. मला तर पर्जन्यमापक रोज दिसतो, सर. रोज दिसतो म्हणूनच दिसला नाही की काय कोण जाणे. त्यात आमच्या वर्गातल्या मुलींनी कुंपणाला झेंडूच्या माळा लावल्या. त्यामागे तो झाकूनच गेला.

तुमच्यावरचं मुख्य भाषण चालू असताना पाऊस आला. कापडावर असा काही वाजला की पाहुणे बोलायचे थांबले आणि मग म्हणाले, "सरांनीच सलामी दिली." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी माईक घेतला आणि म्हणाले, हा सरांचा आशीर्वाद आहे. हवामान शिकवणारी बाई मी! पाऊस कुणासाठी येत नाही, हे वर्गात पहिल्या दिवशी सांगणाऱ्या माणसाच्या फोटोसमोर हे बोलले. आणि तो आशीर्वाद कापडावरून घरंगळत पलीकडच्या गटारात चालला होता.

पहिल्या रांगेत काकू होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. वर कापडाकडे, मग झेंडूच्या माळांकडे बघत होत्या. मी खाली उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "अगं, ह्यांचं ते भांडं कुठंय?"

तुमच्या क्वार्टरमागचा काकूंचा शेवगा वाढून पर्जन्यमापकाच्या जवळ आला, तेव्हा तुम्ही काय केलं होतंत? अडथळा जेवढा उंच, त्याच्या दुप्पट तो भांड्यापासून लांब हवा, एवढं म्हणून भर फुलोऱ्यातलं झाड तोडायला लावलंत. काकू कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलल्या नव्हत्या. ज्या भांड्यापायी त्यांचा शेवगा गेला, त्याच्यावर मी त्यांच्यादेखत मंडप घातला.

आज साडेआठला भांडं उघडलं. आत झेंडूची एक पाकळी. पाऊस आपोआप मोजणाऱ्या यंत्राचं नरसाळंही त्याच कापडाखाली होतं, त्यामुळे तिथंही काही नाही. आमचा सचिन, तुमच्या शेवटच्या तुकडीतला, आता माझ्याच विभागात शिकवतो. तो म्हणाला, "मॅडम, आजूबाजूला विचारून अंदाजानं टाकू. इतक्या वर्षांत खंड नाही, सरांच्याच कार्यक्रमादिवशी पडलेला कसा दिसेल?" खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं होतं. शून्य बघूनच लिहायचं, तर आकडा न बघता कसा लिहू? पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. सकाळी पाऊस विचारायला गावांतून फोन यावेत ही सवय तुम्हीच लावलीत. हिवरे बाजारकडचे म्हसूनाना होते. "मॅडम, काल किती पडला वो? हरभऱ्याचं बी काढून ठिवलंय. पेरावा का दम धरावा?"

"नाना, काल मोजला नाही."

"म्हंजी?"

"पर्जन्यमापकावर मंडप आला होता."

"आरारा! कुणाचा कारेक्रम हुता?"

आणि सर, मी म्हणाले, "कॉलेजचा."

नाना म्हणाले, "बरं. आमच्या सरांच्या टायमाला असं न्हाई व्हायचं." फोन ठेवला.

वहीतही मी तेच केलं. आकड्याची जागा मोकळी सोडली आणि शेऱ्यात लिहिलं, "पाऊस पडला. मोजला नाही. पर्जन्यमापकावर कार्यक्रमाचा मंडप." कुणाचा कार्यक्रम, ते लिहायला हात धजावला नाही. मनाची समजूत घातली की तुमच्या नावाला डाग नको. खरं तर मला माझंच तोंड लपवायचं होतं.

एक राग तुमच्यावरही आहे. तुम्ही आम्हाला पाऊस मोजायला शिकवलंत, चूक झाली तर कुणासमोर कसं उभं राहायचं ते कधी दाखवलं नाहीत. काकूंना शेवग्याबद्दल एकदा तरी वाईट वाटलं म्हणालात का? आज संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "ह्यांनी कधी मागितली नाही गं." तुमच्या वाटणीची माफी मग मीच मागून टाकली.

आता तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळी नोंद झाली की आधी म्हसूनानांना फोन करीन आणि सांगेन की तो मंडप तुमच्या सरांचा होता, आणि घालणारी मी होते. मग वही उघडून अर्धा राहिलेला शेरा पुरा करीन: "आमच्या सरांच्या गौरवाचा."

तुमची,
मंदा