ळ नसलेली मशीन

चांदूर बाजार,
ता. १२ जून १९५९

तीर्थरूप पंजाबराव दाजी यांस देवमनचा सविनय जयभीम. ताईची कंबर आता कशी आहे? (मोटारीत धक्का बसला असं कयलं.) तुमची तब्येत विचारत नाही, ती चांगलीच असणार. दुसऱ्याला खड्ड्यात घालून माणूस बरा झोपतो. आणि हे पत्र वाचताना जिथे य विचित्र वाटेल, तिथे ह नंतर येणारं ते दोन वेटोयांचं अक्षर समजून घ्यावं. ते माझ्या टाईपरायटरमधून गेलं आहे, आणि त्याला कारण तुम्ही.

कचेरीपुढच्या लिंबाखाली लोकांचे अर्ज टाईप करून मी पोट भरतो. ती मशीन होयीनंतर एका सकायी अचानक मेली. बटन दाबा, काडी उठेना. तेल घातलं, फुंकर मारली, जाईबाईने (म्हणजे आमच्या मंडयींनी) वरून एक धपाटाही घातला. तेव्हा तुम्ही कयवलंत, अकोल्याला ये, ताहेर मिस्त्री मेलेली मशीन उठवतो. तेवढं ओझं मांडीवर घेऊन मी आलो. त्यानं तिचं पोट उघडलं, म्हणाला, सगयी अक्षरं काढून नव्यानं बसवावी लागतील. बसवली. मशीन पयायला लागली, तुम्ही मिस्त्रीला चहा पाजलात. घरी येऊन पाहतो तर अक्षरं खंडव्याकडच्या कुठल्याशा हिंदी मशीनची, आणि त्यात हे एक नाहीच. परत अकोल्याला आलो तर मिस्त्री म्हणतो, "देवमनभाऊ, तुमी तं डोयाच म्हनता, कायाच म्हनता. जे अक्षर तोंडातच नाई, ते मशीनमंदी कायले पायजे?" यावर तुम्ही शेजारी बसून हसलात, दाजी. हे मी विसरणार नाही.

आता पुढचं ऐका. आमच्या वस्तीतल्या मुलींसाठी शाया मागायची, तो अर्ज माझ्याकडे आला. मुदत पंधरा तारखेची. ती चुकली की पोरींचं आणखी एक वर्ष शेण गोया करण्यात जाणार, त्यात माझी भागीरथाही आली. मी टाईप केलं, 'मुलींची शाया'. साहेब पुण्याकडचे. त्यांनी शेरा मारला, 'शाया म्हणजे काय, खुलासा करावा.' मग त्या शब्दाला हातच लावायचा नाही असं ठरवून मी लिहिलं 'विद्यामंदिर'. अर्ज परत. शेरा, 'मंदिर बांधण्यास सरकार पैसे देत नाही.' अडीच वर्षांपूर्वी आम्ही घरातले देव बाहेर काढले, आणि माझ्या हातून वस्तीसाठी मंदिर मागितलं गेलं. अर्जावर पहिली सही करणारे वस्तीचे पुढारी किसनराव दोन दिवस माझ्या लिंबाकडे फिरकले नाहीत. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

बाकी सर्व ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही. ताईला नमस्कार, तुम्हालाही, पण थोडा कमी.

तुमचा (अजूनपर्यंत) आज्ञाधारक,
देवमन

ता. क. मिस्त्रीची मानगूट धरा आणि ते अक्षर पंधरा तारखेच्या आत मोटारवाल्याच्या हाती पाठवा. नाहीतर पोरींच्या नुकसानीचं पाप तुमच्या माथी.

दुसरा ता. क. (हातानं लिहिलेला) भाऊजी, जाईबाईचा जयभीम. पत्र टपालात टाकायले यायनं माह्याजवळ देलं, म्हनून ह्या ओळी. शाळेचा अर्ज साहेबानं कालच दाखल करून घेतला. यायनं टाईप करतानी जागा कोऱ्या सोडल्या, अन् त्यात मी पेनानं ळ काढले, चौदा. बोलन्यात नाही म्हनून साक्षरतेच्या वर्गात आमाले हे अक्षर लय गिरवाले लावलं होतं. साहेबानं विचारलं, इतकं सुबक अक्षर कोनाचं? अर्ज दाखल झाल्याचं यायनं तुमाले मुद्दाम नाही सांगतलं, काहून का मंग तुमी घाबरनार नाही. आता लिंबाखालचे सगळेच अर्ज सांजच्याले माह्याकडं येतात. कालपासून लोक मले बाई म्हनून राहिले, शाळेतल्या बाईले म्हनतात तसं. ताहेरमिस्त्रीले ळ सापडला, तरी पाठवू देऊ नका.