शाहीन असं लिहीत नाई

१४ नोव्हेंबर, यवतमाळ
डे ड्यूटी. जर्मन भाषेच्या परीक्षेचा निकाल आला. पास! वॉर्डात कोणाले सांगतलं नाई. नागपूरच्या एजन्सीवाल्या मॅडमचा लगेच फोन. आता कॉन्ट्रॅक्ट, मग व्हिसा, मग जर्मनीत वृद्धांच्या दवाखान्यात नर्सची नोकरी. आपल्याकडून पैसे घेत नाई, सगळं तिकडचे लोक भरते म्हणे. काहून भरते? विचारलं मी. मॅडम हसली. "तिकडं नर्स मिळत नाहीत ना, ज्योती." यात हसण्यासारखं काय होतं.

१७ नोव्हें.
शाहीनले मेसेज टाकला, पास झाली म्हणून. ह्याच वॉर्डात होती माझ्यासोबत, मागच्या बॅचले गेली जर्मनीत. तिचं उत्तर: "अभिनंदन ज्योती. इथे सर्व छान आहे. मन लावून तयारी कर."
शाहीन असं लिहीत नाई. शाहीन लिहीतच नाई. व्हॉइस मेसेज पाठवते, अन् त्यात पहिले शिवी असते. ज्योती कधी म्हटलं नाई तिनं मले, ज्यो म्हणते. फोन लावला. उचलला नाई.

२३ नोव्हें., रविवार
तांड्यावर गेलती घरी. याडी कापूस वेचून आलेली, बोटं सोललेली. माझा लहान भाऊ विजू तापलेलाच होता. "फुकट नेते म्हणजे विकते. तुले समजत नाई का?" अन् याडीले, "आई असून पाठवून राह्यली तू." याडी माझ्याकडंच पाहत होती. मी म्हटलं, शाहीन गेली ना. "मग लाव तिले फोन." लावला, सगळ्यांसमोर. वाजत राह्यला. विजू उठून निघून गेला. 

२ डिसेंबर
मॅडम म्हणे मूळ सर्टिफिकेट कुरिअर करा, भाषांतराले लागते. कुरिअर? माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट? सुट्टी टाकली, सकाळच्या एसटीनं स्वतः नागपूरले घेऊन गेली. ऑफिसातून हललीच नाई. तिथल्या पोरीनं माझ्यासमोर कॉपी काढली, कागद परत दिला. चहा पाजला. सगळं सरळ.
येताना वाटलं, मीच वेडी. अर्ध्या रस्त्यात आल्यावर वाटलं, इतकं सरळ काहून?

७ डिसें.
शाहीनले काल आडवा प्रश्न टाकला. आपल्या वॉर्डातल्या मावशीले आपण काय म्हणत होतो? खरी शाहीन असंल तर हसून हसून मरंल. उत्तर आज आलं. "जुन्या गोष्टी सोड. अभ्यास कर."
तिचा फोन दुसऱ्याच्या हातात आहे. माझं पक्कं झालं.

१२ डिसें., शुक्रवार
पांढरकवड्याले गेली. हायवेवर शाहीनच्या अब्बांचं गॅरेज, मागं घर. अम्मी खुश. "हर जुम्मे को फोन करती है बेटा. बहुत अच्छा है बोलती है उधर." मले माहीत होतं, म्हणूनच आजचा दिवस धरला. बसली वाट पाहत. व्हिडिओ कॉल आला. शाहीनच. हसत होती. वाळली लय. अम्मीनं फोन माझ्याकडं फिरवला, "देख, कौन आई है." तिचं हसू जागच्या जागी थांबलं. अन् कट.
अम्मी म्हणे नेटवर्क. मी पण हाव म्हटलं.

१३ डिसें.
तिचा फोन! ड्यूटीवर होती, जिन्यात जाऊन घेतला. पहिले शिवी. मले रडूच आलं.
"घरी कायले गेलती तू?"
"तू उचलत नाईस म्हणून. कोणी फोन घेतला का तुझा? कोंडून ठेवलं का?"
"पागल आहेस का? कोणी कोंडलं नाई." अन् मग, "मी नर्स नाई यार इथं. हेल्पर आहे. अंग पुसते, जेवू घालते, चादरी बदलते. इंजेक्शनले हात लावू देत नाई. त्यायची परीक्षा पास झाली की मग नर्स. माझी गेली, नापास."
अन् ते मेसेज? मॅडमनं सांगतलं म्हणे, मागून येणाऱ्या पोरींले घाबरवू नको. "बोलली असती तर तुले आवाजावरून समजलं असतं. म्हणून टाइप केलं."
"मग मी येऊ का नको?"
म्हणे, ड्यूटी आहे, ठेवते.

१६ डिसें.
मॅडमले विचारलं. जराही दचकली नाई. "सेमिनारमध्ये सांगितलं होतं. आधी हेल्पर, मान्यता मिळाली की नर्स. सगळ्यांना माहीत आहे." एजन्सीच्या त्या सेमिनारले मी नाइट ड्यूटी करून बसलती, अर्धं झोपेत ऐकलं. सांगतलं असंल. नसंलही. माझ्या जर्मनच्या बॅचच्या पोरींले विचारलं. एक म्हणते सांगतलं, एक म्हणते नाई.

४ जानेवारी, तांडा
विजू एकदम गोड. स्वतः गाडी घेऊन स्टँडवर आला. याडीकडून समजलं, वणीकडं त्याच्यासाठी पोरगी पाह्यली, अन् तिथं हा सांगून आला की माझी बहीण जर्मनीत नर्स आहे. आहे म्हणे! मी म्हटलं, पहिले हेल्परच राहीन, कधीपर्यंत ते कोणी सांगत नाई. "ते कोणाले सांगू नको," विजू म्हणे. हा पण तेच, मॅडमसारखं.
नंतर याडी चुलीजवळ हळूच, "तुले जायचं आहे का?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. हाव म्हटलं. खरंच जायचं आहे, त्याचाच तर राग येते.

२१ जाने., मुंबई
व्हिसाची तारीख होती. विजू सोबत. खिडकीतल्या बाईनं जर्मनमध्ये विचारलं, तिकडं काय काम करणार? पाठ केलेलं उत्तर नर्सचं होतं. तोंडातून निघालं, पहिले हेल्पर, मग नर्स. तिनं वर पाह्यलं, काहीतरी टाइप केलं, पासपोर्ट ठेवून घेतला. कळवू म्हणे.
बाहेर येत नाई तर मॅडमचा मेसेज: अभिनंदन! कायचं? निकाल तर आलाच नाई. तिकडं विजूनं वणीवाल्यांले फोनही करून टाकला.
मग शाहीनचा व्हॉइस मेसेज. "ज्यो, ये ना यार. दोघी असलो तर जाईल दिवस." आवाज तिचाच, त्यात शंका नाई. पण हे माझ्यासाठी म्हणते का तिच्यासाठी? परत ऐकला. तिच्या जागी मी असती तर मीही बोलावलं असतं. खरं सांगतलं असतं का, ते नाई माहीत.
उत्तर टाइप केलं. खोडलं. विजू म्हणते, चल, जेवून घेऊ. पासपोर्ट आत आहे, मी बाहेर फुटपाथवर, अन् शाहीनचं उत्तर अजून बाकीच.