मूठ वळेपर्यंत

३ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बोर्ड रंगवणाऱ्याचं अक्षर! कुणा गुरूपुढे न बसता अक्षरांची सहा वळणं शिकलेल्या माणसाचं!

उजव्या मनगटात तीन पिना. दोन अंगठ्याच्या बाजूने, एक करंगळीच्या. टोकं कातडीबाहेर.

झालं ते असं. शुक्रवारी दवाखान्याचा बारा फुटी बोर्ड दोन तास खपून खडूने आखला. बायकोने धूळ समजून ओल्या फडक्याने पुसला! सव्वीस वर्षं या घरात आहे ती! मी लाकडी पट्टी उचलली. पहिला फटका तिच्या खांद्यावर. दुसरा बसायच्या आत पोरीने माझं मनगट धरलं, पिरगाळलं आणि ढकललं मला. उंबऱ्यावर आदळलो. कट् — स्वतः ऐकलं.

चोवीस वर्षांची कार्टी. म्हणते, "आता मारा!"

डॉक्टरला सांगितलं, शिडीवरून पडलो. उंचीही सांगितली — साडेचार फूट.

९ मार्च
पोरगी मैत्रिणीकडे राहायला गेली. जाऊ दे. हात बरा झाला की पहिली थोबाडीत तिच्या. पाची बोटं मोजता आली पाहिजेत.

१७ मार्च
बायको घास भरवते. "अहो, आ करा." हल्ली काम करताना गुणगुणते. आज हातून बरणी फुटली तर चक्क हसली! मी ओरडलो. "ओरडा," म्हणाली, आणि काचा गोळा करायला लागली.

१४ एप्रिल
पिना काढल्या. भूल नाही. पक्कड लावली, पिळली, ओढली. तिसरी अडली तेव्हा डॉक्टरचं नरडं आवळावंसं वाटलं. पिना मागून घेऊन मोजल्या. म्हटलं, "तुम्ही बहात्तर मिलिमीटर म्हणालात, ही अडुसष्ट भरते." डॉक्टर म्हणतो, "काका, हात मोजा आता!"

बोटं तळव्यापासून तीन सेंटीमीटर लांब राहतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने दाबायला चेंडू दिला. घरी येऊन त्यावर पोरीचं तोंड काढलं. मग दाबला.

२ मे
पोरीचा फोन. बायको दार लोटून बोलत होती. "नाही गं, अजून मूठ वळत नाही." बरी काळजी आहे म्हणायची.

११ मे
वळली! चारही बोटं तळव्याला टेकली! बायको चहा आणत होती. "हे बघ!" म्हणून मूठ वर केली.

तिने आधी कप टेबलावर ठेवला. कडेपासून नीट आत सरकवला. मग डोळे मिटून उभी राहिली.