जेसीला दिलेला शब्द

किलमोरिक,
१७ मे १८३२

प्रिय आर्ची,

प्रभूची कृपा तुझ्यावर आणि तुझ्या देवळातल्या मंडळीवर असो. तुझ्या छातीला आता उतार पडला असेल. इथे हेरिंग मासळी बरी लागते आहे. गाय व्याली. रॉबर्टची कंबर अजून धरतेच.

सोमवारी तुम्हा पाळकांची सभा झाली. तापामुळे येता येत नाही, हे तुझं पत्र अध्यक्षांनी सुरुवातीलाच वाचून दाखवलं. मी पुढच्याच बाकावर होते.

आमचे पाळक मिस्टर लॅमंट यांच्यावरचा आरोप तुला माहीतच आहे. ख्रिस्त फक्त देवाने निवडलेल्यांसाठी नाही, सर्वांसाठी मेला, असं मंडळीच्या शिकवणीविरुद्ध ते आमच्या घरात बोलले. साक्षीदार मी एकटी.

घरातली गोष्ट बाहेर गेली कशी, हे तू विचारलं नाहीस. मीच सांगितली. जेसीला पुरून आठवडा झाला होता. विहिरीवर बायकांना सांगितलं, की माझी पोर शांतपणे गेली, आणि का गेली. पर्डीबाई तिथेच होती. तिच्या नवऱ्याने सगळं कागदावर उतरवून सभेकडे धाडलं.

तुला जानेवारी आठवत असेल. आजारी जेसीने अंथरुणातून तुला विचारलं होतं, "मामा, तो माझ्यासाठी मेला का?"

तू म्हणालास, "पित्याने ज्यांना निवडलं त्यांच्यासाठी, बाळ. तू त्यांच्यातली आहेस का, त्याच्या खुणा मनात शोध."

तू निघून गेलास आणि ती शोधत बसली. सतरा वर्षांची पोर, आर्ची. लापशीचा चमचा तोंडाशी नेला की म्हणायची, "आई, सकाळी मी तुझ्यावर चिडले. ही वाईट खूण ना?" चार आठवडे हेच. मग लॅमंट आले. तिने त्यांनाही तेच विचारलं.

"सर्वांसाठी मेला, जेसी. म्हणजे तुझ्यासाठीही."

"नक्की?"

"नक्की."

त्या दिवशी ती जेवली. तिसऱ्या दिवशी गेली.

सभेत म्हातारे मिस्टर ऑर माझ्यासाठी वाट काढत होते. म्हणाले, "बाई, नीट आठवा. विश्वास ठेवणाऱ्या सर्वांसाठी, असंच म्हणाले असतील ना?" नुसतं हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. लॅमंटबाई धाकट्याला मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "नाही. सर्वांसाठी, एवढंच म्हणाले."

मी फार सत्यवादी आहे म्हणून नाही. तो शब्द मी बदलला असता तर जेसीला दिलेलं तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

लॅमंटना काढावं म्हणून पाच मतं पडली, विरुद्ध चार. तू येऊन त्यांच्या बाजूने मत दिलं असतंस तर बरोबरी झाली असती, आणि अध्यक्षांचं निर्णायक मत त्यांनाच मिळालं असतं, हे तुलाही ठाऊक होतं. लॅमंटना सहा आठवड्यांत मंडळीने दिलेलं घर सोडायचं आहे. जायला ठिकाण नाही. दारात मला म्हणाले, "तुम्ही खरं तेच बोललात." बाईंनी मात्र तोंड फिरवलं, आणि मला त्यांचा राग येत नाही.

कालच पोस्टमन सांगत होता, त्या सोमवारी तू तुझ्याच देवळात एक लग्न लावलंस.

कोणाचं म्हणणं शास्त्राला धरून आहे हे मी विचारत नाही. ते तुम्ही शिकलेल्यांनी बघावं. पण तिच्या उशाशी बसून तू बोललास, तेव्हा तुझी स्वतःची खात्री होती का?

याचं उत्तर लिहून धाडू नकोस. इथे ये आणि माझ्यासमोर बसून सांग.

तुझी बहीण, आणि जेसीची आई,
ग्रिझेल