इयादतीला आलेली बाई

५ नोव्हेंबर, किहीम
भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून रिक्षाने सव्वाअकराला दारात. नूरबानू फाटकाशी उभी, डोक्यावर एक केस नाही. शाळेत सिस्टर माझी वेणी ओढायच्या, आता ओढा म्हणावं, म्हणाली. दोघी पोट धरून हसलो. पन्नास वर्षांची मैत्रीण. तिला लिम्फोमा, गाठींचा कर्करोग. काल तिसरी केमो झाली. मुलगा कैस मस्कतला, सून जुनेरा घरी. औषधं आणि थर्मामीटर आता माझ्याकडे. दुपारी तांदळाची भाकरी, सुरमई. पडवीतून समुद्र दिसतो. नोकरी सोडल्यापासून इतकं छान वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर
रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी आठशे. डॉक्टरांनी फोनवर बजावलं की आठवडाभर या शरीराला पहारेकरी नाहीत. माणसं आत घेऊ नका, ताप शंभरच्या वर गेला तर लगेच आणा. मी दारावर सुवाच्य सूचना लावली. दुपारपर्यंत अकरा जण आत! आजाऱ्याला भेटणं म्हणजे इयादत, मोठं पुण्य. अडवणारी मी पापी. प्रत्येकाने नूरच्या कपाळावर हात ठेवला. नूरचे भाऊ, माणगावचे करमअली मामू, तर त्याच हातात शिंकून आलेले. मला विचारतात, टीचर, नूर काय वर्गात बसलीय, परवानगी घ्यायला? मी म्हटलं, वर्ग असता तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं.

१० नोव्हेंबर
आज नऊ जण. शिवाय करड्या ओढणीची एक बाई उंबऱ्याशी. बोलली नाही, बसली नाही. जुनेरा म्हणाली, मामूंच्या माणगावची असेल. कोण म्हणून विचारायचं नाही, आलेल्याचा अपमान होतो. आग लागो असल्या रीतीला.

११ नोव्हेंबर
ती बाई आज खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. मामू म्हणतात, आमची नाही, शेजारची असेल. शेजारच्या सोनूबाई मासळी वाळत घालत होत्या. त्यांनी मान हलवली. न्हाय बाय, आमच्यातली न्हाय, कवा बघितली पन न्हाय.
पेशी दोनशे.

१२ नोव्हेंबर
सकाळी ती उशाशी. हात नूरच्या कपाळावर. मी ओरडले, जुनेराला बोलवायला वळले, परत पाहते तर नूर एकटी. ताप १०३. रुग्णवाहिका मिळेना. गाडी मामूंची, चावी मामूंच्या खिशात, आणि मामूंच्या मंडळींची दुआ संपायची होती. दोन तास! दोन तास उंबऱ्यावर उभी राहून मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मलाच शांत व्हायला सांगितलं.

१३ नोव्हेंबर, इस्पितळ
सेप्सिस. जंतू रक्तात, रक्तदाब कोसळलेला, नळीवर श्वास. डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणसाचं शरीर लढतं. हिचं कर्करोगाने आणि केमोने आधीच रिकामं झालंय. पण संपलं असं समजू नका. पेशी वर आल्या तर अशी माणसंही वाचतात. तीन दिवस काढायचे.
भेटायला एकच पास, चार ते पाच. तो माझ्याकडे. मामूंनी मागितला. जन्मात मिळणार नाही, म्हटलं.

१४ नोव्हेंबर
चार वाजता आत गेले. खुर्चीत ती. करडी ओढणी. नर्स रचनावर तुटून पडले — हिला कोणी सोडलं? रचना म्हणाली, आजी, पास एकच आहे, तुमचा. खुर्ची रिकामीच आहे.
रिकामी नव्हती.

१५ नोव्हेंबर
पेशी साडेतीनशे. डॉक्टर पहिल्यांदा हसले. खुर्ची पलंगाला चिकटलेली — मी सरकवली नाही. तिचा हात नूरच्या गळ्याशी. मी सरळ तिच्या अंगावर बसले. बसले! हाडांपर्यंत गारठा. पण बसले.

१६ नोव्हेंबर
पेशी सहाशे. पाच वाजून गेले. रचना उठा म्हणते. उठणार नाही. मी उठले की ती —

नूर शुद्धीवर येतेय. चादरीखाली माझा डावा हात धरलाय. घट्ट. रचनाला सांगितलं. ती म्हणाली, आजी, नळी उपटू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात कठड्याला बांधलेत.

खरंच. दोन्ही समोर दिसतायत. दोन्ही.

सुटत नाही. मनगट — आता कोपरापर्यंत गार —

धर मग. मलाच धर. पण हिला पुन्हा हात लावलास तर याद राख, मी तुला —